सहा मुठी

चरईत आमच्या सोसायटीच्या मागे
पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये
मातीचा एक पट्टा उरलाय.
तिथे पप्पांनी द्राक्षाची काडी रोवली, निफाडहून आणलेली.
या दमट हवेत ती जगेल
असं नर्सरीवालाही म्हणाला नव्हता.

जगली.
मग पप्पा उकिडवे बसले आणि बुंध्यापासून मोजू लागले:
मूठ, मुठीला लागून मूठ, सहा वेळा.
सहावीपाशी करवंटी पालथी घातली.
"इथपर्यंत दुसरं बी नाही. किलाईम."
कोथिंबीरसुद्धा नाही?
"नाही."
कुंडीत?
"तळाला भोक असेल तर कुंडी म्हणजे जमीनच."

दिमोनाहून एलिझरचा फोन येतो.
तुमच्याकडे हे हलकं आहे, तो म्हणतो.
गहू, जव आणि द्राक्षाचं बी
एकाच हातातून एकाच फेकीत पेरलं, तरच.
तसं कोण पेरतं, पप्पा?
"कुणी नाही," पप्पा म्हणतात
आणि फोन ठेवून करवंटी जागेवर आहे ना ते बघून येतात.

वाकरूळला आमचा तेलाचा घाणा होता.
द्राक्षांच्या पुढच्याच ओळीत लिहिलंय,
बैल आणि गाढव एकत्र जुंपू नये.
ते आमच्याकडून पिढ्यान् पिढ्या पाळलं गेलं,
गाढव परवडत नव्हतं.

दिवाळीनंतर तळमजल्याच्या गोमाबाई मढवींनी
राखेतल्या बरणीतून वाल काढले आणि पट्ट्यात टोचले.
कोपरखैरण्याला त्यांचं शेत होतं,
आता तिथे सेक्टर आहे; नंबर त्यांना आठवत नाही,
भाताच्या कापणीनंतर ओल किती बोटं खाली असायची
ते आठवतं.
आणि करवंटी?
ती त्यांनी पाणी घालायला घेतली.

मी मोजलं. माझ्या मुठीने पाच.
पप्पांच्या मुठीने चार आणि थोडं.
कायद्यातली मूठ कुणाची, मी विचारलं.
पप्पांनी माझा हात उलटा करून बघितला, बोलले नाहीत.

एलिझर म्हणाला, मध्ये दहा मुठी उंच भिंत घाला,
मग दोन्ही बाजूंना काहीही लावा. विटांचे पैसे मी पाठवतो.
पप्पा म्हणाले, लाईन खराब आहे.

त्यांना दुसरा आधार सापडला होता:
जे आपलं नाही, त्याने कुणी दुसऱ्याचं निषिद्ध करू शकत नाही.
वाल गोमाबाईंचा, वेल आमचा.
माती सोसायटीची, मी म्हटलं.
"सोसायटीने काही पेरलेलं नाही."

पण डिसेंबरात वालाचा ताणा सरकत सरकत आला
आणि द्राक्षाला दोन वेढे घालून बसला.
आता हे आपल्या डोळ्यांसमोर होतं.
बघून "परत येताना काढीन" म्हटलं तर चालतं.
बघूनही राहू दिलं आणि दोनशेवा भाग वाढला
तर द्राक्ष गेलं, वालही गेला,
दोन्ही जाळायचं.

पप्पांनी वागळे इस्टेटमध्ये चौतीस वर्षं मायक्रोमीटर धरला.
दोनशेवा भाग त्यांना नुसत्या नजरेने दिसायचा,
मोतीबिंदूच्या आधी.

म्हणून रोज संध्याकाळी मला बरोबर नेतात.
"आलाय का?"
आलाय.
"मग म्हण."
परत येताना काढते, मी म्हणते.
आम्ही मासुंदा तलावाला एक फेरी घालून येतो,
गुडघे असतील तशी अर्धी किंवा पूर्ण,
आणि मी ताणा सोडवते, न तोडता,
गोमाबाईंच्या झाडूच्या काडीला गुंडाळते.
त्या खिडकीतून ओरडतात, हळू, फूल हाय त्याला!

शुक्रवारी नेहमीसारखे मनुके भिजत घातले, किद्दूशसाठी.
वेलावर अकरा द्राक्षं होती, आंबट, हरभऱ्याएवढी.
तिन्हीसांजेच्या आधी गोमाबाईंनी वाटीभर डाळिंब्या पाठवल्या.
पप्पांनी वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली.
"आज बघितलंस का?"
उद्या शब्बाथ, मी म्हटलं, उद्या काढता येणार नाही.
ते चपला शोधू लागले.